पाणी दिसलं की खोडा

बाबा,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. आज मला भांडायचंय. तुम्ही गेल्यापासून जो तो तुमचे गोडवे गातोय, तोंडावर बोलणारं कोणी उरलेलंच नाही.

क्लासच्या फळ्यावर तुम्ही शेवटचं लिहिलेलं वाक्य अजून तसंच आहे: 'पाणी दिसलं की खोडा.' पोरांनी त्याला झेंडूचा हार लावलाय. तुमची बॅच आता मी घेते, उरलेल्या अर्ध्या फळ्यावर! पुसायला गेले तर आई म्हणाली, "त्यांचं शेवटचं अक्षर आहे ते. हात तर लावून बघ!"

आणि आज केमिस्ट्रीच्या चाचणीत अख्ख्या बॅचने अभिक्रियेच्या वेगाच्या समीकरणातून पाणी खोडलं. अहो, प्रश्नात एस्टर आणि पाणी सारख्याच प्रमाणात दिलं होतं! लांब चौक गावाहून बसने येणारी तुमची लाडकी रेश्मा तर माझ्यावरच उखडली. "सरांनी सांगितलंय, पानी खोडायचा. सर चुकीचं सांगनार न्हाय."

बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीये. काय बोलू मी तिला?

तुम्हाला कळत नव्हतं, असंही नाही. मला शिकवताना तुम्ही इंद्रलोक सोसायटीतल्या घरात भरलेली बादली पुढ्यात ठेवली होतीत. त्यातून चमचाभर पाणी काढलंत. "कमी झालेलं दिसतं का?" नाही. पाणी भरपूर असलं की ते वापरलं गेलं तरी त्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. म्हणून ते स्थिरांकात घालायचं आणि वेग एकट्या एस्टरवर मोजायचा. मग वाटीत थोडंसं पाणी घेऊन त्यातून चमचाभर काढलंत. "आता?" आता लगेच दिसलं. "मग इथे खोडायचं नाही," म्हणालात.

ती वाटी क्लासमध्ये का नाही नेलीत? मी विचारलं तर हसलात. "अटी सांगत बसलो की पोरं गोंधळतात. पेपरात पाणी जास्तच असतं." पोटच्या पोरीला अख्खा धडा आणि इतक्या लांबून येणाऱ्या रेश्माला अर्धा? लाज नाही वाटली?

मला तुमचा भयंकर राग येतोय. आठवणही येते, पण ते आज नको.

एक शब्द देते. उद्या सकाळी आईच्या डोळ्यांदेखत तो फळा पुसणार. रडली तर रडू दे. आणि रेश्माने विचारलं, "सर चुकले होते काय?" तर नाही म्हणेन. त्यांना माहीत होतं, असं सांगेन.

तुमच्याकडून नीट शिकलेली एकटी,
मुक्ता