सव्वीस आठवडे

बारामती
१७ जुलै २०२४

प्रिय रेश्मा,

ट्रॉल्यांना वेल्डिंग करणारा तुझा भाऊ फोन सोडून पत्र लिहायला बसलाय. हसून घे. तर बातमी अशी, की आमच्या सूनबाईला, स्वरूपाला, सातवा महिना लागलाय. ती एका खासगी दूध प्रकल्पात लॅब सांभाळते. बाळंतपणाची रजा मागायला गेली, तर हेडक्लार्कनं बारा आठवडे लिहून दिले आणि वर म्हणाला, "जास्त पायजे आसंल तर राजीनामा टाका मॅडम. बारशाला आमी येतोच की." शनिवारपर्यंत काय ते लिहून द्या, म्हणे. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मग मी गेलो. हेडक्लार्कसाहेबांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. पुठ्ठा निघालेला, आवृत्ती एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची. मी टोपीवाला, तेव्हा मला वाचता येत नसणार असं धरून त्यानं बोट ठेवून मोठ्यानं वाचून दाखवलं. जिना उतरताना मागून ऐकू आलं, "ट्रॉलीवाल्याला कायदा कळाय लागला आता." माझे कान तुला ठाऊक आहेत. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी दुकानात बसून सांगतो, हा तर नुसता जिना.

कोर्टापाशी एक वकील गाठला. कायदा बदललाय एवढं त्याला माहीत होतं, हे त्याचं नशीब. त्यानं दुरुस्तीचा कायदा छापून हातात दिला. त्यात काय, तर अमुक कलमात 'बारा'च्या जागी 'सव्वीस' घाला, तमुक ठिकाणी हे शब्द टाका. नटबोल्टची पिशवी दिली आणि ट्रॉली दाखवलीच नाही. "मूळ पुस्तकात पट्टी चिकटवून घ्यायची," म्हणाला. त्याच्या स्वतःच्या पुस्तकात एकही पट्टी नव्हती. शेजारच्या दुकानात 'नवीन आवृत्ती' मिळाली, तिच्यात नवीन फक्त कव्हर. काळे कोट घालून ही माणसं लोकांना अडाणी म्हणतात.

शेवटी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या मुबीननं सरकारची साइट उघडली. तिथं सगळ्या दुरुस्त्या जागच्या जागी बसवलेला अख्खा कायदा आहे, फुकट. कलम पाच, सव्वीस आठवडे. खाली बारीक अक्षरात, हा बदल कधीपासून लागू, तेही. प्रिंट घेऊन परत क्लार्कसमोर बसलो. त्यानं वाचून वाचून एक ओळ पकडली. "हितं बारा पण लिवलंय की." मी म्हणालो, "ते दोन लेकरं असलेल्या बाईला. हिचं पहिलं हाय. मोजायला माणूस लावू का?" आवाज ऐकून आलेल्या मॅनेजरनं तिथंच सही केली. घरी माझं फार कौतुक झालं. मी गप्प बसून ऐकून घेतलं.

गप्प बसलो, कारण त्या बारीक अक्षरातली तारीख १ एप्रिल २०१७ होती. तुझी ओवी २०१८ ची. आठव्या महिन्यातच झालेली, तिला चमच्यानं दूध पाजायचीस. कंपनीनं बारा आठवडे दिले, तेव्हा तू मलाच विचारलंस. माझ्याकडेही एक पुस्तक होतं, पुण्याच्या फुटपाथवरून आणलेलं. दाजी, तुझ्या सासूबाई, सगळ्यांसमोर मी बोट ठेवून तुला वाचून दाखवलं आणि सांगितलं, कायदा त्यांच्या बाजूनं आहे. तू राजीनामा दिलास. तुझ्या सासरी सणसरात अजून म्हणतात, रेश्माला नोकरी झेपली नाही, आणि तू ते ऐकून घेतेस. आठवडाभर मी त्या क्लार्कला शिव्या घातल्या, रेश्मा. निदान तो परक्याच्या पोरीला वाचून दाखवत होता. फोनवर हे बोललो असतो, तर तू "जाऊ दे दादा" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. म्हणून लिहून देतोय. तुला नोकरी झेपत होती. हे तुझ्या सासूबाईंना वाचून दाखव, खाली माझी सही आहे.

तुझाच, दोषी,
आप्पादादा