सात नंबरचा प्लॉट

३ सप्टेंबर

धाकटीच्या प्लॉटवर आज एकवीस अळंब्या! माझ्या चारही प्लॉटवर मिळून सहा, त्यातली एक किडकी. सरांनी सगळ्यांना हातातलं काम सोडायला लावून सात नंबरला नेलं. "याला म्हणतात नजर!" म्हणे. नजर कसली डोंबलाची? सात नंबर तिला चिठ्ठीत निघाला. जुनी झाडं, दाट सावली, कधी खत न पाहिलेली माती. अळंब्यांना आणखी काय लागतं? माझे प्लॉट रस्त्याकडेचे, उन्हातले. तिथे नेचे नि वेली गुडघ्याएवढ्या माजतात आणि अळंबी भिंग घेऊन शोधावी लागते.

सख्खी बहीण म्हणून मीच हिला या संशोधन केंद्रात, अळंब्या मोजायच्या कामाला चिकटवली. घ्या आता!

४ सप्टेंबर

डोकं दुखतंय. तेवीस झाल्या.

७ सप्टेंबर

कायम जागा एकच आहे. आज ऑफिसात पक्कं कळलं. अर्ज दोन — माझा नि तिचा. सर हंगामाचा अहवाल बघून ठरवणार. नऊ वर्षं मी इथली माती चाळतेय. बाईसाहेब येऊन दोन वर्षं झाली नाहीत!

आईचा फोन. "दोघींपैकी कुणाला का मिळेना, घरातच राहील ना." जागा म्हणजे काय स्वेटर आहे, आलटून पालटून घालायला?

११ सप्टेंबर

धाकटीला सेन्सरचे कागद वाचायला शिकवले. प्रत्येक प्लॉटवर एक सेन्सर असतो, दर मिनिटाला उजेड मोजतो. कागदावर रेषा खाली गेली की शेजारी कारण लिहायचं — ढग, पडलेलं पान, माणूस.

"माणूस कसा ओळखायचा गं ताई?"

ढगाची रेषा हळूहळू उतरते, माणसाची धपकन पडते आणि तशीच उठते. तिने शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेतलं. कारटी लहानपणापासून अशीच, सगळं माझ्याकडून शिकायचं आणि शाबासकी मात्र तिची.

१८ सप्टेंबर

लिहू की नको? लिहितेच. इथे कोण वाचतंय!

लख्ख ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपकाही नाही. धाकटी दातांच्या डॉक्टरकडे गेलेली. कोठारातून अर्धी बादली खत उचललं आणि सात नंबरवर पसरलं. पानांखाली, हाताने, नीट.

पुढे काय होणार ते मला तोंडपाठ आहे. अळंब्यांचे धागे मातीतून झाडांच्या मुळांना अन्न आणून देतात, बदल्यात झाडं त्यांना साखर देतात. झाडांना खत आयतं मिळालं की ती धाग्यांना विचारेनाशी होतात. आणि खालची रोपं? तिथे पुरेसा उजेडच नाही. कितीही खत घाला, ती आहेत तेवढीच राहणार. म्हणजे वरवर पाहून कुणाला शंकाही यायची नाही.

हात तीनदा धुतले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं!

९ ऑक्टोबर

सात नंबरवर दोन. माझ्याकडे पाच! धाकटी गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटून बघत होती. "ताई, माझं काय चुकलं गं?" मी म्हटलं, होतं असं एखाद्या हंगामात.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर

शून्य. सर तिच्याशी धड बोललेही नाहीत. मला म्हणाले, "तुमचं काम संथ, पण भरवशाचं." नऊ वर्षं या वाक्याची वाट पाहिली. जेवण गेलं नाही.

१४ ऑक्टोबर

सेन्सर!! सात नंबरवरही सेन्सर आहे! मी त्याच्या अंगावरच वाकले होते, दहा मिनिटं तरी. कशी विसरले? सप्टेंबरचे कागद धाकटीनेच काढलेत, परवाच. आणि माणसाची रेषा कशी ओळखायची ते तिला शिकवलं कुणी?

तिने तो कागद सरांपुढे ठेवला की संपलं. जागाही गेली आणि तोंड दाखवायची सोयही गेली.

१५ ऑक्टोबर

धाकटीने चहा करून दिला. साखर जास्त, मला लागते तशी. कागदांचं अवाक्षर नाही. हिला कळलंच नाही की कळून गप्प आहे? विचारायचं तरी कसं?

२१ ऑक्टोबर

जागा मला मिळाली. आई फोनवर रडली. धाकटीने सगळ्यांदेखत मिठी मारली. मला तिच्या पाठीवर हात ठेवता आला नाही.

२२ ऑक्टोबर

नव्या कपाटात फायली लावताना सात नंबरचा कागद हाती आला. अठरा सप्टेंबर. रेषा धपकन खाली, अकरा मिनिटं सपाट, तशीच वर. शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं "माणूस" खोडलंय, तरी वाचता येतं. त्यावर पेनाने, धाकटीच्या अक्षरात — "ढग".