पालथा टाक

९ जानेवारी १९५६

लंडनहून जाड पाकीट. पोस्टमनने कचेरीत सगळ्यांसमोर हातात दिलं. काझीसाहेब शेजारच्या टेबलावरून, "क्या जी मास्तर, मलिकाने याद करे क्या?" मास्तरकी सोडून कारकून झालो त्याला सात वर्षं झाली, पण नाव चिकटलंय.

मिस थॉर्नलींच्या नव्या पुस्तकाचे छपाईचे कच्चे कागद. गेल्या हिवाळ्यात तीन आठवडे इथं होत्या. कचेरीनं मला दुभाषी म्हणून बरोबर दिलं होतं. लिहितात : शेवटचं प्रकरण ठकूबाईवर आहे, तपासून द्या. शिवाय पहिल्या पानावर ठकूबाईचे मूळ शब्द तिच्याच लिपीत छापायचेत, ते सुवाच्य अक्षरात लिहून पाठवा. महिनाअखेरपर्यंत.

मूळ शब्द.

जेवण गेलं नाही. हिला सांगितलं, पित्त झालंय.

१० जानेवारी

पूजेला बसलो, मन नाही. गंध उगाळता उगाळता सहाण कोरडी पडली तरी हात फिरतोच आहे.

काय झालं ते एकदा सरळ लिहून टाकावं.

वेरूळच्या अलीकडे मेंढरंवाल्यांची वस्ती. ठकूबाईचा नवरा रझाकारांच्या साली कळप घेऊन गेला. आठ दिवसांनी मेंढरं आपली आपण परत आली. माणूस आला नाही. पुढं पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, त्याचा पत्ता नाही. मेला असंही कोणी सांगितलं नाही, म्हणून ती कुंकू लावते.

मिस थॉ.ना तिच्या घरातला कोनाडा दिसला. खंडोबाचा टाक तांदळावर पालथा ठेवलेला. देवाचं तोंड खाली. विचारा, म्हणाल्या, असं का? आवाज धरायचं यंत्र चालू होतं.

ठकूबाई म्हणाली (अजून शब्द न् शब्द कानात आहे) : "त्यानं माझ्याकडं बघितलं नाय, म्या का त्याचं तोंड बघू? मेंढरं समदी घरी आणली त्यानं, अन् माणूस तेवढा इसरला. ऱ्हाऊ दे अंधारात. मी ऱ्हाते तसा ऱ्हा म्हणावं. माणूस आण, मंग सरळ करते."

मी इंग्रजीत सांगितलं : ती म्हणते, माझं दुःख शुद्ध होईपर्यंत मी देवाचं मुखदर्शन घ्यायला पात्र नाही. त्याने विश्रांती घ्यावी, मी वाट पाहीन.

एक क्षणही अडखळलो नाही. हेच जास्त लागतं.

११ जानेवारी

का केलं? परक्या बाईपुढं आपल्या देवाची अब्रू, हे एक. पण तेवढंच नाही. ठकूबाईचं बोलणं ऐकून मीच घाबरलो होतो. जणू कोणी माझ्या देव्हाऱ्याला हात घातला.

मिस थॉ.चं लंडनच्या रेडिओवर भाषण झालं तेव्हा त्यांनी कळवलं होतं : ठकूबाईचा आवाज थोडा ऐकवून मग हळू केला, आणि वरून माझं इंग्रजी एका नटीनं वाचलं. पत्रं आली पोत्यानं. तेव्हा मला अभिमान वाटला होता. हिला दोनदा वाचून दाखवलं ते पत्र.

१२ जानेवारी

प्रकरण आज वाचलं. दुपारच्या सुट्टीत, कचेरीमागच्या लिंबाखाली.

त्यांची हकिकत मला तुकड्या तुकड्यानं ठाऊक होती. समुद्रकाठच्या गावची पोर, बाप मासळी साफ करणारा. रेडिओत टंकलेखिका म्हणून लागली. लढाईत एक दिवस बोलणारी बाई आजारी पडली, म्हणून या पोरीला उभं केलं. तुटपुंज्या साखरेत घर कसं चालवावं ते सांगायला. आवाज खरखरीत, वरच्यांना पसंत नव्हता. पण बायकांना तोच आपला वाटला. मग पुस्तकं. हे चौथं.

नवऱ्याचं मात्र मला ठाऊक नव्हतं; 'मिस' हे रेडिओवरचं नाव, मी ते खरं धरून चाललो होतो. आरमारात होता. तारेत "बुडाले" नव्हतं. "परतले नाहीत" एवढंच.

पुढचं जसं आहे तसं मराठीत उतरवतो : "त्यानंतर अकरा वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही. देवाला जे बोलले ते कुणापुढं उच्चारता येणार नाही. त्या लहानशा खोलीत ठकूबाईनं मला माझा क्षुद्रपणा दाखवला. मी परत जाऊ लागले आहे, मान खाली घालून. हे पुस्तक झालं की मायक्रोफोन सोडणार. इतकी वर्षं बायकांना धीर देत आले; धीर म्हणजे काय ते मलाच माहीत नव्हतं."

कागद तसेच मांडीवर. घंटा झाली, ऐकू आली नाही.

आणि आत्ता आठवलं : परतताना टांग्यात त्यांनी विचारलं होतं, "तिला राग येत नाही?" मी म्हणालो, आमच्या बायका देवावर रागवत नाहीत. त्या मग गुलमंडीपर्यंत बोलल्या नाहीत. मला वाटलं, भक्तीनं मन भरून आलं असेल.

१३ जानेवारी

काझीसाहेबांना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. निजामाच्या कचेरीतले जुने दुभाषी ते; पान लावत होते, थांबले. "हुजूर के जमाने में मैं भी तर्जुमे करताच था. बात नरम करना पडता था, नौकरी का सवाल था. तुमारेकू कौन डरा रहा था जी?"

मी फायलीची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

दोन वाटा दिसतात. एक, माझ्या इंग्रजीला शोभेल असं गोड मराठी रचून पाठवायचं. घटकाभराचं काम. कुणाला कळणार? यंत्राच्या फितीत ठकूबाईचा आवाज आहे खरा, एखादा मराठी माणूस तिकडं ऐकेलही. पण पकडला जाण्याची भीती वेगळी आणि हे वेगळं. दुसरी वाट

(अर्धं राहिलं. ही हाक मारत होती.)

१५ जानेवारी

रविवार. हिने काल संक्रांतीचा तिळगूळ बांधून ठेवला होता, तो घेऊन सर्व्हिसच्या मोटारीने वेरूळ. आधी घृष्णेश्वर. पिंडीवर पाणी घातलं, ओळखीची स्तोत्रं म्हटली, बाहेर आलो. जे बोलायला गेलो होतो ते बोललोच नाही.

मग वस्ती. ठकूबाई अंगणात लोकर पिंजत होती.

"या मास्तर. मडमबाय नाय आली?"

"नाही. तिचं पुस्तक येतंय. तू आहेस त्यात."

"माझं काय लिवलं?"

सांगितलं. खाली बघूनच. मी काय बोललो, तिकडं काय ऐकवलं, सगळं. तिनं लोकर बाजूला ठेवली.

"म्हंजी आवाज माझा अन् बोलणं तुमचं?"

"व्हय."

"पात्र नाय म्हणून? मी?" मग हसायलाच लागली. "खंडोबानं ऐकलं असंल तर तो बी हसला आसंल. रोजचं ऐकतोय की माझं."

आत गेलो. टाक तसाच पालथा. पुढं भाकरीचा ताजा तुकडा.

मी बघतोय हे बघून म्हणाली, "उपाशी नाय ठिवत. भांडण हाय, वैर नाय."

मग मडमबाईच्या नवऱ्याचं सांगितलं. पाण्यात गेला, आला नाही. ठकूबाईचं हसू गेलं.

"मंग तिनं काय केलं?"

"अकरा वर्षं देवळात गेली नाही."

"लई ब्येस केलं. आता?"

"आता जाते. मान खाली घालून. तुझ्यामुळं."

"माझ्यामुळं?" ती कोनाड्याकडं वळली. "आवो, मी कुठं सरळ केला अजून?"

तिळगूळ घेतला. माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. गोड बोला वगैरे काही म्हणाली नाही.

१८ जानेवारी

लिहिलं. ठकूबाईचे शब्द, जसे बोलली तसे. "नाय" चं "नाही" करायचा मोह झाला, नाही केलं. खाली खरं इंग्रजी. आणि वेगळं पत्र : चूक तिची नाही, माझी. टांग्यात तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर "हो, येतो" असं आहे. तिचा शेवटचा प्रश्नही जसाच्या तसा लिहिला.

त्यांना हे वाचून काय होईल? देवळाची वाट आत्ता कुठं सापडली होती. ती खोट्या शब्दांवर का होईना, पण सापडली होती. तीही मीच काढून घेतोय का? तीन वेळा पाकीट उघडलं.

१९ जानेवारी

टाकलं. विमानाच्या टपालानं.

२४ जानेवारी

आज पूजा करताना बोलायचा प्रयत्न केला. स्तोत्र नाही, साधं बोलणं. दोन वाक्यांवर अडलो. पन्नाशीला आलो, रोज याच्यासमोर बसतो. हिने आत येऊन विचारलं, "कुणाशी बोलताय?" मी म्हणालो, कुणाशी नाही. हेही खोटंच.

११ फेब्रुवारी

पत्र नाही. छापखाना थांबला असेल का? की आधीच छापून झालं? त्यांनी मायक्रोफोन सोडला का?

२ मार्च

वस्तीवरचा एकजण बाजाराला आला होता. त्याच्याकडून ठकूबाईचा निरोप : मडमबायचं काय झालं ते कळवा. टाक तसाच आहे म्हणाला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, पुढच्या महिन्यात कुणी अमेरिकन येतायत, दुभाषी म्हणून जाल का? मुदत मागून घेतली.

५ मार्च

टपाल आलं. पोस्टमन कचेरीत शिरला, चार टेबलं फिरला. मी कागदातून मान वर केली नाही. तो गेल्यावर काझीसाहेब पानाला चुना लावता लावता, माझ्याकडं न बघता, हळूच, "आज भी नै जी."