सायलीच्या चाळीची हरकत

सिल्वासा, २० नोव्हेंबर १९९३

रघुनाथराव मेहुणे यांस सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी डोळा लागला आणि आपल्या गावच्या दवंडीवाल्याचं डफडं कानात वाजलं. तो चावडीपाशी ओरडला की खाडीपलीकडच्या बहिऱ्या म्हातारीलासुद्धा सरकारचं म्हणणं कळायचं. (तिला ते पटायचं नाही, ही गोष्ट वेगळी.) तुमचा गुडघा कसा आहे? माझं पोट बरं आहे, कारण इथलं पाणी मी गाळून, उकळून आणि देवाचं नाव घेऊन पितो.

इथे कारखान्यांच्या सांडपाण्याचा नवा नियम होतो आहे. मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवल्यात, मुदत महिनाअखेरपर्यंत. सूचना छापली एका इंग्रजी वर्तमानपत्रात, जे इथल्या सायली गावात फक्त भज्यांना गुंडाळून येतं. एक प्रत कचेरीच्या भिंतीवरही लावली, आतल्या बाजूने. मग ती लोकांपर्यंत किती कार्यक्षमतेने पोचली हे तपासायला मूल्यमापन समिती नेमली: कचेरीचे साहेब, रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर आणि निवृत्त मराठी शिक्षक म्हणून मी. (चहा उत्तम असतो.) मराठी तर्जुमाही माझ्याकडेच आला. कवितेच्या तासात जन्म गेलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? मी ओवी केली:

पन्नास पावलं विहिरीपासून
रंगीत पाणी देऊ सोडून
सरकार म्हणे हात जोडून
हरकत असल्यास कळवावी

"गुरुजी, नियमाला चाल लावायची नसते," म्हणून साहेबांनी कागद परत केला. तो मी सायलीच्या चाळीत वाचून दाखवला. धुळ्याकडची कामगार मंडळी तिथे राहतात, सगळ्यांत मिळून विहीर एक. कोंडाबाई (हिच्यापुढे मुकादमसुद्धा आवाज चढवत नाही) एकदाच ऐकून म्हणाली, "पन्नास पावलं? आमची विहीर तर आत्ताच लाल व्हई ऱ्हायनी." दुसऱ्याच दिवशी अख्ख्या चाळीने अंगठे उठवून हरकत दिली.

मुदत संपायच्या आधीच काल समितीचा निकाल लागला. जिथून एकही हरकत नाही तिथे नियम पूर्ण समजला असं धरून शेजारच्या गलोंडा गावाला शंभर गुण. (गलोंड्यात मी विचारून आलो होतो. सूचना कुणी पाहिलेलीच नाही.) सायलीला शून्य. "समजला असता तर हरकत कशाला घेतली असती?" साहेबांनी मला शांतपणे विचारलं. "वात साची छे, खरी गोष्ट," मॅनेजर म्हणाले. चाळीचा कागद 'गैरसमज' या सदरात बांधून ठेवला. मी जन्मभर पोरांना शून्यं वाटली, पण बरोबर उत्तराला शून्य द्यायची माझी कधी छाती झाली नाही. सही केली नाही मी. तिघांत दोन सह्या पुरतात म्हणे.

अलकावहिनींना नमस्कार.

आपला,
सुधाकर

ता. क. पत्राचं खरं कारण हे: तुमच्या नावाने मुंबईहून एक हरकत रजिस्टरने पाठवा. बाहेरगावच्या हरकतीला इथे 'तज्ज्ञांची सूचना' म्हणतात आणि तिला लेखी उत्तर द्यावं लागतं. मजकूर सोबत जोडला आहे. भिऊ नका, गद्यात आहे.

ता. क. २. कडी वाजली म्हणून उठलो. दारात कोंडाबाई. चाळीची हरकत मागे घेतल्याचा अर्ज लिहून द्या म्हणते. अर्ज पोचला की पाण्याचा टँकर सुरू करू, असं साहेबांनी सांगितलंय. "लेकरांले काय पाजू, गुरुजी?" माझ्याकडे न बघता म्हणाली. अर्ज मी लिहून देणार आहे. तुमची हरकत मात्र पत्र पोचेल त्याच दिवशी टाका, आता तेवढी एकच उरेल.