नव्याचं ताट

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

बाबा आज उपासनेत झोपले. चक्क घोरले! वीरेंद्र पास्टर प्रार्थना लांबवतात हे खरंच आहे, पण एरवी बाबा सगळ्यांच्या पुढे ताठ बसायचे आणि दुसऱ्या कुणाचा डोळा लागला तर खाकरायचे. आज त्यांनाच उठवायला मला खाकरावं लागलं.

श्रावणात अंगणात पडले, तेव्हापासून असंच आहे. कमरेचं हाड सांधलं म्हणतात, पण काठी धरून दारापर्यंत जातात नि परत येतात. पायरी उतरवत नाही. म्हणून सध्या उपासना आमच्याच ओसरीत. दहा-पंधरा माणसं, दोन चटया, एक खंजिरी. मी गोंदियाहून आले ती इथंच अडकले आहे.

संध्याकाळी गोंदियाहून नवऱ्याचा, देवानंदचा फोन. बाबांसाठी मागची खोली रिकामी केली म्हणाला. दिवाळीनंतर त्यांना कायमचं घेऊन जायचं ठरलंय. बाबांना विचारलं तर म्हणाले, "नवं होऊ दे. मंग ने कुठं न्यायचं थे."

१५ सप्टेंबर

नवं कुठलं? आपल्याकडे तर नवं होत नाही — असं मी म्हणणार होते. नाही म्हटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस नाही, वीज नाही. आज लिहायला वेळ आहे.

नव्याचं सगळं एकदा नीट लिहून ठेवते. माझ्या लेकीला, खुशीला हे काहीच माहीत नाही, आणि तिला सांगायला लागले की ती मोबाइल उचलते.

हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान घरात आलं की त्याचा पहिला भात कुळाच्या देवाला दाखवायचा आणि मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने प्रत्येकाच्या हातावर एकेक घास द्यायचा. त्याच्या आधी नवा तांदूळ कुणी तोंडात घालत नाही. आमच्या घरात सगळ्यात मोठे बाबाच. आजोबा गेल्यावर तो घास द्यायचा मान त्यांचा. मी सहा वर्षांची असताना बाबांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच साली मूर्तीपुढचं खाणार नाही म्हणून नव्याच्या पंगतीतून उठले. सुखरामकाका त्यांचे धाकटे भाऊ, चार-पाच वर्षांनी लहान. त्यांनी ताट वाढून मागोमाग आमच्याकडे पाठवलं — दूध, गूळ घातलेला भात, वर पळसाचं पान. बाबांनी ते परत पाठवलं.

तेव्हापासून दरवर्षी ताट येतं आणि दरवर्षी परत जातं. मी लहान असताना ते परत न्यायचं काम माझं. पितळेचं जड ताट, गुळाचा वास नाकाशी, आणि मधे फक्त कुडाचं एक कुंपण. सुशीलाकाकी दारात उभीच असायची. "बरं," एवढंच म्हणायची.

बाहेरच्या माणसाला वाटेल दोन भावांत वैर आहे. अजिबात नाही! धानाच्या बांधीला, म्हणजे शेताला पाणी एकत्र, मळणी एकत्र, बाजाराला एका सायकलवर गेलेले दोघं. नाताळच्या आधी काका बांबूच्या कामट्या तासून आमचा तारा बांधायचे, स्वतः चढून कौलावर टांगायचे. लाल-पिवळा घोटीव कागद, आत बल्ब. प्रार्थनेला मात्र आत यायचे नाहीत, अंगणातच विडी ओढत ताऱ्याकडे बघत बसायचे. चहा चालतो एकमेकांकडे. जेवण नाही. भांडण असतं तर एव्हाना कुणीतरी मिटवलं असतं.

माझं नाव दुर्गेश्वरी, हीही गंमतच. तेव्हाच्या पाळकांनी बदला म्हणून फार सांगितलं. बाबा म्हणाले, माझ्या आईने ठेवलंय, राहू द्या. ताट परत करणारा हाच माणूस! लग्न ठरताना देवानंदच्या घरच्यांनी दोनदा विचारलं होतं, मुलगी ख्रिस्तीच आहे ना.

२१ सप्टेंबर, रविवार

उपासना झाली. पाळीपाळीने प्रार्थना होती. माझी पाळी आली नि मी पुन्हा डोळे मिटून गप्प बसले, शेजारच्या बाईने समजून घेऊन सुरू केलं. जानेवारीत ठरवलं होतं, यंदा बी.ए.चं शेवटचं वर्ष पुरं करायचं आणि चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायची. बी.ए.चा अभ्यास निदान चालू आहे.

मनातल्या मनात मी देवाशी दिवसभर बोलते. भाकरी थापताना, कपडे पिळताना. तोंड उघडलं की वाटतं सगळे व्याकरण तपासतायत. आईची प्रार्थना कशी असायची! "प्रभू, गाय आजारी आहे. बघ जरा." झालं. आमेन.

आईची आज फार आठवण आली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बाबांनी आज सांगितलं. कशासाठी थांबलेत ते.

दुपारी मी त्यांचे पाय चोळून देत होते. ते छताकडे बघत म्हणाले, "दुर्गा, यंदा सुखरामच्या पंगतीले बसून नवं खायचं मनात आहे. गोंदियाले गेलो का मंग कुठचा मी वापस येतो."

मी म्हटलं मग बसा की.

"बसू कसा? देवापुढचं राहते थे."

डोळे भरले होते. मी बाबांना आईच्या वेळी सोडून कधी रडताना पाहिलं नाही. तेल सांडलं माझ्या हातून चटईवर.

एवढंच हवंय त्यांना. धाकट्या भावाच्या हातचा एक घास. आणि तेवढ्यानेच त्यांची इतक्या वर्षांची शपथ मोडते. मला रागही आला. खरं सांगायचं तर बाबांचाच आला. मग दिवसभर वाईट वाटलं.

२६ सप्टेंबर

पास्टरना फोन केला. त्यांनी शास्त्रातले दोन भाग वाचून दाखवले. एकात खाल्लं तर बिघडत नाही असं निघतं, दुसऱ्यात मन खात असेल तर खाऊ नये. मी विचारलं, मग करायचं काय? म्हणाले, प्रार्थना करा.

ती तर करतेच आहे!

२ ऑक्टोबर, दसरा

काकी सोनं द्यायला आली. काका नाही आले. बांधीत आहेत म्हणाली. हलकं धान कापून झालं, चार दिवसांत चुरणं, म्हणजे मळणी होईल. नवं पंधरा तारखेला, बुधवारी.

बाबांनी तारीख दोनदा विचारली.

५ ऑक्टोबर, रविवार

मला युक्ती सुचली आहे. इतकी सोपी की आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही! देवाला दाखवायच्या आधी काकांनी बाबांपुरता भात बाजूला काढायचा. बस. बाबांची शपथ राहते, काकांचा देवही राहतो.

बाबांना सांगितलं तर मान हलवली. "थ्याच्या देवाच्या आधी मले वाढ म्हणू? थ्याच्या घरात जाऊन? कोन्या तोंडानं?"

तुम्ही नका म्हणू, मी म्हणते, असं म्हटलं. त्यावर बोलले नाहीत. म्हणजे जा असंच समजते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गेले. नसते गेले तर बरं झालं असतं.

काका खळ्यात पोती शिवत होते. मला बघून खूश झाले, काकीला चहा टाकायला सांगितला. मी घाईघाईत सगळं बोलून टाकलं. बाबांना यंदा पंगतीला बसायचंय, तर काका, त्यांच्यापुरता भात आधी काढता येईल का?

काकांचा हात थांबला. सुई पोत्यात तशीच. माझ्याकडे बघेनातच. काकी चहा घेऊन आली ती उंबऱ्यावरच उभी राहिली, आणि तिचं तोंड असं झालं की आता रडते की काय.

मग काका म्हणाले, "थ्यानं पाठवलं का तुले?"

मी म्हटलं नाही, मीच आले.

"मंग तू कायले आली? थ्याले तोंड नाही? येवढ्या सालात एका शब्दानं विचारलं नाही थ्यानं मले. आता पोरीले पाठवून राहिला." सुई ओढली. "ताट येईन दरसालसारखं. खाल्लं त खाल्लं, नाहीतर वापस कर."

काकी कुंपणापर्यंत पोचवायला आली. काहीतरी बोलणार होती. काकांनी आतून हाक मारली, तशी गेली.

चहा तसाच राहिला.

८ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं नाही. पण कुडाचं कुंपण. त्यांनी सगळं ऐकलंय असं वाटतं. दुपारी जेवले नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेत बाबांनी आईचं आवडतं गीत लावायला सांगितलं. तेच ते, जे ती धान उकडताना चुलीपुढे म्हणायची. वाफ, ओल्या धानाचा वास आणि तिचा बेसूर आवाज. सूर तिला कधी सापडला नाही, पण शब्द एकही चुकायचा नाही. काकी पलीकडून ओरडायची, "फुलवंता, जरा हळू, म्हशी दूध चोरतील!" दोघी जावा मग कुंपणाच्या दोन बाजूंना हसत बसायच्या.

नव्याच्या दिवशी आई वेगळा भात शिजवायची, आमच्याच वाट्याच्या धानाचा. बाबा आभार मानून आम्हाला घास द्यायचे. सगळं नीट असायचं. तरी आई त्या दिवशी निम्मं पान टाकून उठायची आणि आम्ही विचारलं की म्हणायची, भूक नाही. आई असती तर काकांकडे मी गेले नसते, ती गेली असती. आणि तिला जमलं असतं.

गीत संपलं तरी बाबांचे ओठ हलत होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खुशी सुट्टीला आली. आजोबांना मोबाइलमध्ये काय काय दाखवत होती. ती दाखवेल ते बघतात नि "वा" म्हणतात. मन दुसरीकडे.

पलीकडे अंगण सारवलंय. उद्या नवं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ताट आलं. काकी स्वतः घेऊन आली. तेच पितळेचं, वर पळसाचं पान. चौरंगावर ठेवलं नि दाराशी उभी राहिली — म्हणजे परत न्यायला.

बाबा बघत राहिले. मी स्वयंपाकघरातून बघत होते, आमचा भात चुलीवर होता. खुशी म्हणाली, आजोबा, किती छान वास येतोय! तिला कुणी काही सांगितलेलंच नाही.

बाबांनी पान बाजूला केलं. मला हाक मारली. "दुर्गा, प्रार्थना कर."

मी? म्हटलं तुम्ही करा ना बाबा.

"माह्या तोंडातून निघून नाही राहिली. कर."

मी ओल्या हातांनीच पुढे आले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभू, हे सुखरामकाकांनी पाठवलंय. बाबा खातायत. रागावू नकोस. आमेन." व्याकरण कुणी तपासलं नसावं.

बाबांनी पहिला घास खुशीला दिला, मग मला, मग स्वतः घेतला. मोठ्या माणसाने द्यावा तसा. गूळ मिशीला लागला. देवाला काय वाटलं असेल ते असो, पण मला आज बाबांबद्दल जे वाटलं ते कधीच वाटलं नव्हतं. एवढा शब्दाचा पक्का माणूस, भावासाठी शब्द मोडून बसला होता. काकी पदर तोंडात धरून रडत होती. ताट न घेताच पळाली.

रात्री बाबा म्हणाले, "पाप लागलं त मले लागन. तुमाले नाही."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ताट द्यायला गेले तर काकीने मला मागच्या दारी ओढलं. म्हणाली, "आता सांगते. आता शपथ सुटली. थो भात देवापुढचा नाही, दुर्गा. पहिल्या साली ताट वापस आलं ना, तवापासून थे पहिले तुह्या बाबाचं काढतेत, मंग देवाले दाखवतेत. दरसाली. मले शपथ घातली होती, भाऊनं आपल्या मनानं खाल्ल्याबिगर नाहीतर विचारल्याबिगर सांगू नको."

बाबांना सांगितलं. ते उठून बसले. मग म्हणाले, "मी एकदाही विचारलं नाही." काठी घेतली नि निघाले. पायरी उतरले! मी खुर्ची घेऊन मागे धावले.

काकांनी बाबांना हाताला धरून ओसरीत बसवलं. काकीने भात आणला — कालचा उरलेला, देवापुढचा. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांनी दोनदा मागून घेतला.