प्रेमदासची फटफटी

९ फेब्रुवारी १९५८, रविवार

कवडू आला होता. दारातच उभा राहिला. आत यायची हिंमत झाली नाही त्याची. उजवा खांदा अजून पट्ट्यात बांधलेला. "काका," एवढंच म्हणाला.

मी हातातला पान्हा त्याच्या पायाशी फेकला. लागला नाही. लागावा असंच वाटत होतं!

"तू काऊन वाचला?" असं विचारलं मी त्याला. बावीस वर्षांच्या पोराला! त्याने डाव्या हाताने पान्हा उचलला, सदऱ्याला पुसला, ओट्यावर ठेवला आणि गेला.

आज पंधरवडा झाला. २६ जानेवारीला आष्टीत झेंडावंदन झाल्यावर माझा पोरगा प्रेमदास चालत्या फटफटीच्या सीटवर उभा राहिला. दोन्ही हात सोडून. मागे त्याचा दोस्त कवडू, हातात झेंडा. उतारावर पुढचं चाक बैलबंडीच्या चाकोरीत गेलं. कवडू बाजूच्या कपाशीच्या पऱ्हाटीत पडला. प्रेमदास दगडावर.

एकवीस वर्षं तीन महिने.

लिहिलं एकदाचं. पलटणीत असताना गाडीची रोज नोंद करायची सवय लागली, ती सुटली नाही. पण हे लिहायला पंधरा दिवस लागले.

१० फेब्रुवारी

प्रेमदासची आई रुख्मिणी आजही माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवते, पाणी ठेवते, वळते.

१६ फेब्रुवारी

सेलूहून रुख्मिणीचा भाऊ आला. जेवण झाल्यावर हळूच म्हणाला, "भाऊजी, तुमी दहावं-तेरावं काईच नाई केलं. पोराचा जीव अडकून राह्यला अशीन."

मी म्हटलं, ते सगळं आम्ही दीड वर्षापूर्वी नागपूरला सोडून आलो. पांढरे कपडे घालून गेलो तिघं. तुझाच भाचा आम्हाला घेऊन गेला होता.

पण त्याला एक सांगितलं नाही. मातीच्या दिवशी त्रिशरण-पंचशील म्हणायला कोणी नव्हतं. मग मीच उभा राहिलो. प्रेमदासनेच आम्हा दोघांकडून पाठ करून घेतलं होतं, रोज संध्याकाळी, शाळेतल्या मास्तरसारखं. तिसऱ्या शीलाला मी अडलो. पुढचा शब्दच येईना! तोंड उघडं टाकून उभा. चुकलो की सांगायचा तो माझ्यासमोर निजलेला.

रुख्मिणीने पुढचं म्हटलं. पदराआडून. शेवटपर्यंत.

तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

२३ फेब्रुवारी

आष्टीहून फटफटी आली. बंडीवर घालून. पोलिसांनी सोडली.

माझ्या दुरुस्तीच्या कारखान्यात ढकलली, दार लावून घेतलं आणि सगळी खोलली. दिवसभर. पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला, दिवा फुटलेला, टाकीला पोचा. ते पडल्यावरचं. पडण्याआधीचं काय? ब्रेकची तार चांगली. क्लच चांगला. चाकात हवा. हँडलमधले छर्रे काढून तळहातावर घेतले — सगळे गोल, सगळे चकचकीत. साखळी नीट ताणलेली.

एक नट सैल सापडला असता तरी चाललं असतं मला. एकच! म्हणालो असतो, गाडीने मारलं.

गाडीत दोष नाही. युद्धातली जुनी गाडी, लिलावात घेतलेली. मीच ठेवली होती अशी.

२५ फेब्रुवारी

हे कोणाला सांगितलं नाही. आता इथे लिहितो.

२५ जानेवारीला दुपारी प्रेमदास कारखान्यात आला. "बाबा, उभं राह्यताना वजन कुठी ठेवाचं?"

त्याला ठाऊक होतं कोणाला विचारायचं. शेचाळीस साली मी पलटणीतून सुटून आलो. बर्म्यात फटफटीवरून खलिते पोचवत होतो. आल्या आल्या पुलगावच्या स्टेशनाच्या रस्त्यावर गाडी काढली, सीटवर उभा राहिलो, हात सोडले. सगळी वस्ती बघत होती. नऊ वर्षांचा प्रेमदास रुख्मिणीचा हात धरून बघत होता. पुढे बारा वर्षं तेच — "बाबा, ते सांगा ना!" आणि मी सांगायचो. दर वेळी थोडं वाढवून.

त्या दुपारी नाही म्हणता आलं असतं. पण मला आनंद झाला! गाडी स्टँडवर लावली, ह्या सत्तेचाळीस वर्षांच्या वयात सीटवर चढलो आणि दाखवलं. गुडघे सैल ठेव. नजर लांब. हात एकदम नाही, हळू सोड. त्याने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "पाह्यलं? म्हातारा अजून उभा राह्यते!"

काय सांगितलं नाही? रस्ता मी आदल्या दिवशी पायी फिरून पाहिला होता, ते. मागे कोणी बसलं नव्हतं, ते. त्याआधी दोनदा पडलो होतो, आणि बर्म्यात ह्याच खेळापायी सुभेदाराने आठ दिवस कोठडीत ठेवलं होतं, ते. टाळ्यांचंच सांगितलं.

आणि पान्हा मी कवडूवर फेकला.

९ मार्च

कवडूची आई पंचफुला आली. विधवा बाई, जिनिंगमध्ये सरकी वेचते. बसली नाही.

"भाऊ, तुमी माह्या पोराले हाकललं. माह्या मनात राग नाई. पण तो आता चालला."

नागपूरची एक जत्रेची कंपनी आहे. लाकडी फळ्यांची मोठी विहीर उभी करतात, तिच्या आतल्या भिंतीवरून फटफटी गरागरा फिरवतात. मौत का कुआ म्हणतात. डिसेंबरातच दोघांनी त्यांना शब्द दिला होता. दोघांनी! प्रेमदासनेही. मला पत्ता नाही. आता ते कवडूला एप्रिलात बोलावतात.

"खांदा अजून धड नाई आन् म्हणते, त्याचं बी मीच करीन. माहं आयकत नाई. तुमचं आयकन."

"माझं काऊन ऐकन? मी कोण त्याचा?"

ती रडायला लागली. स्वैपाकघरातून रुख्मिणीचा आवाज आला. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

"पाठवजो त्याले, पंचफुले. हे शिकवतीन."

१५ मार्च

चिमटा सरळ केला. फटफटी वर्धा नदीच्या काठी नेली, जिथे मोकळं मैदान आहे. पट्टा सुटलाय कवडूचा. खांदा आखडतो, पण हँडल धरता येतं.

पहिला तास इंजिन लावू दिलं नाही. ढकल म्हटलं. घामाघूम झाला.

"काका, मले चालवता येते."

"थांबवता येते काय?"

"ब्रेक मारला का थांबते."

"बरं. मी हात खाली केला का थांब."

आला जोरात. मी हात खाली केला. मागचं चाक घासत, धूळ उडवत माझ्या पुढे गेला. मी पावलं मोजली. चौदा! त्याला तिथेच उभा केला आणि मागे बघायला लावलं. "या चौदा पावलांत बैल येते. लेकरू येते. तू तवा काय करशीन?"

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. कितीतरी वेळ त्या चौदा पावलांकडे बघत राहिला.

३० मार्च

रोज सकाळी येतो. मी कमी बोलतो. तोही.

दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा एकदम आवळायचा नाही. उतार लागायच्या आधीच गियर खाली. मुरुमावर वळताना ब्रेकला हात नाही. खड्डा दिसला की त्याच्याकडे टक लावायची नाही, बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे बघायचं. जिथे डोळे जातात तिथे गाडी जाते. कवडू खड्ड्याकडेच बघतो. दर वेळी. का, ते मला कळतं.

आज दोन दगड ठेवले आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायला लावला. माणूस चालतो त्याहून हळू. सात वेळा पाय टेकला त्याने! "जोरात सोपं आहे ना काका," म्हणाला. आठव्यांदा जमलं. मी "शाबास" म्हणालो, आणि पुढे तोंडातून निघालं — "प्रेमा".

दोघांनी ऐकलं. दोघांनी न ऐकल्यासारखं केलं.

ह्यातलं एकही मी प्रेमदासला शिकवलं नव्हतं. माझाच पोरगा, त्याला काय शिकवायचं, असं वाटायचं. बघून बघून शिकला तो. मी जे दाखवलं तेवढंच.

६ एप्रिल

आज मला उशीर झाला. काठावरून खाली बघतो तर कवडू एकटाच गाडी चालवतोय — आणि सीटवर उभा राहतोय! उठला. सरळ झाला. हात सोडले.

ओरडता येईना. ओरडलो तर तो वळून बघेल. तसाच उभा राहिलो, छाती धरून. तो बसला. हळू केली. थांबवली, अगदी नीट, दोन्ही ब्रेक लावून.

धावत गेलो आणि थोबाडीत मारली. त्याने गाल चोळलासुद्धा नाही.

"काका, मले पाहाचं होतं, त्याले तवा कसं वाटलं अशीन."

मी वाळूत बसलो. तोही बसला. दोन बाप्ये माणसं, हुंदके देऊन रडलो. पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "कसं वाटलं?"

"लई हलकं. आपल्याले वजनच नाई असं. आन् मंग खालचा एक एक गोटा दिसाले लागला."

७ एप्रिल

कवडू आला नाही.

८ एप्रिल

आला. दगड त्यानेच मांडून ठेवले होते.

१४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, लेझीम, दारावरून मिरवणूक. मागच्या वर्षी प्रेमदास लेझमीच्या पहिल्या ओळीत होता. रुख्मिणीने दारात दिवा ठेवला आणि आत जाऊन बसली.

कवडू नागपूरला गेला नाही. कंपनीचा माणूस आला होता न्यायला. स्टेशनावरूनच परत पाठवला त्याला. मी विचारलं, काय सांगितलं? "म्हटलं, मले आता खड्डे दिसते. तुमच्या कामाचा नाई मी."

पंचफुलाने गुळाचा खडा आणून रुख्मिणीच्या हातावर ठेवला. रुख्मिणीने तो घेतला. खाल्ला नाही.

२० एप्रिल, रविवार

आज आष्टीला गेलो. मीच म्हटलं कवडूला, मला घेऊन चल. तो पांढरा पडला. पण आला.

तो पुढे, मी मागे. माझ्याच गाडीवर मागे बसायची पहिलीच वेळ. पुलगाव ते आर्वी, आर्वीहून पुढे. ढोरं आडवी आली तर इंजिन बंद करून थांबला, शेवटची म्हैस जाईस्तोवर. मागून लॉरी आली तर बाजूला झाला, शर्यत नाही. एकदाही मला काही सांगावं लागलं नाही.

उताराच्या आधीच त्याने गियर खाली केला. खांदे कडक झाले होते त्याचे, मला सदऱ्यातून दिसत होतं. हळू, हळू उतरला. मग गाडी थांबवली आणि बोट दाखवलं.

लगतच्या वावरात एक म्हातारा होता. बाबाराव नाव. आम्हाला बघून जवळ आला. कवडूला त्याने ओळखलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "तुमी त्याचे बाप?"

त्या दिवशी ह्याच माणसाने प्रेमदासचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, पाणी मागितलं का त्याने?

"नाई जी. एक डाव डोये उघडले. म्हणे, फटफटी मोडली काय? म्या म्हटलं, नाई रे बाप्पा, चांगली आहे. त म्हणे, बाबाले सांगू नका. मंग काई नाई बोलला."

बाबाले सांगू नका! मी रागावेन म्हणून भ्यायला. मला भ्यायला पोरगा! गाडीसाठी!

चाकोरी शोधली. दिसेना. दुसऱ्याच दिवशी बाबारावने मुरूम टाकून बुजवली होती. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मी तिथे हात ठेवून बसलो. जमीन तापली होती. कवडू माझ्यामागे उभा राहिला, माझ्यावर सावली पडेल असा.

परत येताना ठरवलं. रुख्मिणीला सांगायचं. पोरगा बापाला भिऊन गेला, बापाने बायकोला भिऊन राहू नये.

२१ एप्रिल

सांगितलं. सकाळी, ती तांदूळ निवडत होती तेव्हा. सीटवर चढलो ते, दाखवलं ते, टाळ्या, सगळं.

तिने सूप खाली ठेवलं. पंच्याऐंशी दिवसांनी माझ्याकडे बघून बोलली.

"मले ठाऊक आहे. मी कारखान्याच्या दारातून पाह्यलं. मंग तो माह्यापाशी आला. म्हणे, माय, जाऊ काय? मी म्हटलं, जाय. बाबासारखाच उभा राह्यजो."