पाटीवरचा नंबर काढणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
लॉज व यात्रीनिवास चालक सहकारी संस्था,
तुळजापूर, जि. धाराशिव.

विषय : संस्थेचे संकेतस्थळ बंद पडल्यावर दिसणाऱ्या पाटीवरून कै. शंतनू धारूरकर यांचा मोबाइल नंबर काढणेबाबत.

संदर्भ : जबाबदार व्यक्तीची जागा रिकामी ठेवता येत नाही, असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार ही आपल्या संस्थेचे संगणक चालक कै. शंतनू यांची पत्नी. खोल्यांच्या नोंदणीचे संकेतस्थळ पूर्वी एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चाले व कंपनीच्या बिलावरून प्रत्येक सभेत भांडण होई. शंतनू यांनी ते काढून, जगभरची माणसे मिळून फुकट देतात ते वेब सर्व्हर सॉफ्टवेअर बसवले. आधी सभासद महांतेश यांनी आपल्या लॉजची नोंदणी त्यावर आणली, मग सगळ्यांनीच आणली. सभेत प्रश्न एकच निघाला : "फुकटचं हाय, मग बिघडलं तर धरायचं कुणाला?" शंतनू यांनी हसून स्वतःचा नंबर दिला. तोच ठरावात गेला व पाटीवरही.

शंतनू आषाढात वारले. सॉफ्टवेअर चालूच आहे. मधूनच बंद पडते, तेव्हा यात्रेकरूंचे फोन घरी येतात. लॉजवाले सभासद श्री. हिंमतराव यांचाही आला. "वैनी, लई गर्दी हाय, तेवढं सुरू करून द्या." शंतनू गेल्याची आठवण करून दिल्यावर म्हणाले, "व्हय, दहाव्याला होतो की मी. पण नंबर तुमचाच दिसतोय." त्यांनी स्वतःचा नंबर द्यावा असे सुचवले, तर फुकटच्या वस्तूपायी कटकट कोण ओढवून घेणार, असे त्यांचे म्हणणे पडले. इतर सभासदांचेही तेच. अर्जदाराला त्यांचा राग येत नाही. हल्ली कशाचाच येत नाही.

नंबर बदलण्यास आधीच्या जबाबदार व्यक्तीची लेखी संमती लागते, असे आपण कळवले आहे. मृत्यूचा दाखला यापूर्वी दोन वेळा दिला आहे. तिसऱ्यांदा सोबत जोडला आहे.

फोन बंद का ठेवत नाही, असे आपण विचाराल. ठेवून पाहिला. त्या दिवशी सासूबाई श्रीमती चंद्रप्रभा जेवल्या नाहीत. अर्जदार शाळेत शिकवायला गेली की फोन त्याच घेतात. यात्रेकरूने "शंतनू सर आहेत का?" म्हटले की, "बाहेर गेलाय, संध्याकाळपर्यंत येईल," असे सांगतात. संध्याकाळी शंतनू यांचे ताट वाढतात. अर्जदार ते ताट उचलून ठेवते.

तरी कोणाचा तरी नंबर लागतोच, तर तूर्त अर्जदाराचा टाकावा. तिला सॉफ्टवेअरमधले काही कळत नाही. मात्र फोन करणाऱ्याला शंतनू आता नाहीत, एवढे ती सांगू शकेल.

नंबर काढला की नाही हे पाहण्यासाठी अर्जदाराने परवा शाळेतून संकेतस्थळ उघडले. ते बंद होते, पाटीवर नंबर तोच होता. तिने तो का लावला हे सांगता येणार नाही. सासूबाईंनी उचलला. अर्जदाराच्या तोंडून "शंतनू आहेत का?" एवढेच गेले. घरी आल्यावर ताट वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "कोणी बाई विचारत होती शंतनूला. आवाजावरून दमलेली वाटली. तिला म्हटलं, संध्याकाळी ये, भेटेल."

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

(सही)
इरा शंतनू धारूरकर
तुळजापूर, दि. १२ नोव्हेंबर

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत.